सात की बारा?

‘सातबारा’ हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, त्यामुळे ते दोन वेगळे कागद आहेत हे लक्षातच राहत नाही. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख. जमीन कोणाची, तिच्यावर कर्जाचा बोजा कोणाचा, इतर हक्क कोणाचे, हे तो सांगतो. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. त्या जमिनीत यंदा काय पेरले, किती क्षेत्रावर पेरले, पाणी कशाचे, हे त्यात असते. एक कागद मालकीचा, दुसरा कसण्याचा. सरकारने ते एकाखाली एक छापले आणि लोकांनी त्यांचा एक शब्द केला.

मी बरीच वर्षे एका बँकेत शेतीकर्जाचे काम केले. त्या काळात हजारो सातबारे माझ्या टेबलावरून गेले, आणि खरे सांगायचे तर मी वाचला तो फक्त सात. नाव जुळते का, क्षेत्र किती, इतर हक्कात दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का, एवढे पाहिले की बाराकडे नजर टाकायची ती शिक्का मारण्यापुरती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना एक बाई आल्या होत्या. चार एकर वावर मक्त्याने, म्हणजे भाड्याने, केले होते आणि कापूस कमरेएवढा उभा होता. कर्ज मागायला आल्या तेव्हा मी नेहमीप्रमाणे सातबारा मागितला. त्या म्हणाल्या, “साहेब, वावर त्यायचं, कापूस माहा.” मी त्यांना परत पाठवले. नियमाने मी बरोबर होतो. किंबहुना नियमानेही नव्हतो, पण ते पुढे सांगतो.

धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे मी पुन्हा वळलो तो त्या बाईंमुळे. गाडगीळ म्हटले की वर्तमानपत्रांना ‘गाडगीळ सूत्र’ आठवते, म्हणजे केंद्राने राज्यांना योजनेचा पैसा कसा वाटायचा त्याचा १९६९चा हिशेब. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांनी त्यांना त्या एका सूत्रात कोंडून ठेवले आहे. पण १९०१ साली जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला, सुरतेच्या कॉलेजात प्राचार्यपद केलेला आणि १९३० साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा पहिला संचालक झालेला हा माणूस जवळजवळ चाळीस वर्षे एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. शेतकऱ्याला पैसा कशाच्या भरवशावर द्यायचा? जमिनीच्या, की पिकाच्या? मला म्हणायचे आहे ते इतकेच की त्यांनी दिलेले उत्तर आपण अर्धे घेतले आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी पुन्हा सातबारा आणून बसवला.

जमिनीच्या भरवशावर कर्ज दिले की काय होते, हे दख्खनने आधीच पाहिले होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांत शिरले आणि त्यांनी कर्जखते, गहाणखते काढून जाळली. त्यांना हवे होते ते कागद. रयतवारीने शेतकऱ्याला जमिनीचा विक्रीयोग्य हक्क दिला, दिवाणी न्यायालयाने सावकाराला ती जमीन हुकूमनाम्यावर काढून घेण्याची सोय दिली, आणि या दोन्हींच्या मध्ये शेतकरी सापडला. १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला खतामागचा खरा व्यवहार तपासायचा अधिकार दिला. त्या कायद्यामुळे सावकार सावध झाला, पण कर्जाची गरज संपली नाही. पुढे १९०४च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या.

त्याच काळात जमिनीचे तुकडे पडत होते. शेतीतज्ज्ञ हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास केला. १७७१च्या सुमारास तिथे सरासरी चाळीस एकर असलेली धारणा, म्हणजे एकेका खातेदाराकडची जमीन, १९१५पर्यंत सातएक एकरांवर आली होती. (आज तिथे शेतीचा तुकडा शोधायला गेलात तर सोसायटी सापडेल, पण लिफ्टवाली.) सबंध महाराष्ट्राची सरासरी धारणा २०१५-१६च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर होती. म्हणजे तारण म्हणून जमीन दर पिढीला आक्रसते आहे, त्याच जमिनीतला खर्च मात्र दर हंगामाला वाढतो आहे.

गाडगिळांनी हा गुंता दोन बाजूंनी सोडवायला घेतला. १९४०च्या दशकात कृषी वित्तपुरवठ्यावरच्या उपसमितीचे ते अध्यक्ष होते. शेतकऱ्याचे जुने कर्ज आधी त्याच्या फेडण्याच्या ताकदीइतके खाली आणा, मगच नवे द्या, हा त्या समितीच्या विचाराचा गाभा होता. फेडण्याची ताकद म्हणजे शेतातून निघणारे उत्पन्न, जमिनीची बाजारातली किंमत नव्हे. दुसरीकडे ते गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा हिशेब मांडत होते. कालव्याने सरकारला पाणीपट्टी किती मिळाली एवढेच न पाहता पाण्यामुळे त्या मुलखात मजुरी, वाहतूक, बाजार यांत काय बदलले हे मोजायचे. १९४८ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. त्या पाहणीतून त्यांना प्रवरेच्या काठचा शेतकरी ठाऊक झाला होता, आणि लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांना ते ठाऊक झाले होते.

प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे म्हणून लांबवत नाही. छोट्या ऊसकऱ्यांनी भागभांडवल गोळा केले, गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५०-५१मध्ये गळीत सुरू झाले. माझ्या मुद्द्याला हवा आहे तो त्यातला एक बारीक धागा. ऊस घालणाऱ्याने गावच्या पतसोसायटीतून पीककर्ज घ्यायचे, आणि कारखान्याने उसाच्या बिलातून ते कापून बँकेकडे भरायचे. कर्ज पिकावर दिले आणि पिकातूनच वसूल केले. जमीन मध्ये आलीच नाही.

हाच विचार देशपातळीवर गेला तो अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीत. गोरवाला अध्यक्ष होते, गाडगीळ सदस्य. ७५ जिल्हे, ६०० गावे, सव्वा लाखाहून जास्त कुटुंबे. १९५१-५२मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून आले होते, सरकारकडून ३.३ टक्के, सहकारी संस्थांकडून ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांकडून एक टक्काही नाही. पन्नास वर्षांच्या सहकाराची ही कमाई. सहकार फसला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, हे त्या १९५४च्या अहवालातले वाक्य आपल्याकडे सहकाराच्या प्रत्येक व्यासपीठावरून म्हटले जाते. पण अहवालाने कर्जाबद्दल जे म्हटले ते कोणी म्हणत नाही. माणसाच्या मालमत्तेकडे पाहून कर्ज देऊ नका, त्याच्या पिकाच्या गरजेकडे पाहून द्या, आणि विक्रीशी जोडून वसूल करा. पत, विक्री आणि साठवण ही तिन्ही एका साखळीत हवीत. आपण आज ‘पीककर्ज’ म्हणतो ते नाव या विचारातून आले.

मग घोड्याने कुठे पेंड खाल्ली?

माझ्या मते दोन ठिकाणी, आणि पहिले ठिकाण उसाच्या फडातच आहे. ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो. तो घरी साठवता येत नाही, पोत्यात भरून तालुक्याच्या बाजारातही नेता येत नाही. शेजारी एकच धुराडे असते. म्हणून तिथे कर्जाची कपात आपोआप झाली. त्या यशावरून सगळ्या पिकांचा नियम काढला गेला, हीच चूक. कापूस, तूर, सोयाबीन यांना दहा गिऱ्हाइके असतात. १९७२ साली राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली आणि कर्ज कापसाच्या चुकाऱ्यातून कापायचे ठरवले. तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपला कापूस नातेवाइकाच्या नावाने घातला किंवा सीमेपलीकडे नेला. कपात टाळायची म्हणून, आणि चुकारे वेळेवर मिळत नव्हते म्हणूनही. पत आणि विक्री यांची सांगड कोरडवाहू महाराष्ट्रात बसलीच नाही. सांगड सुटली तेव्हा सोसायटीला वसुलीचा भरवसा म्हणून काहीतरी हवे होते, आणि गटसचिवाच्या हाताशी सात होता.

दुसरे ठिकाण जमिनीच्या कायद्यात आहे. ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वावर १९४८चा मुंबई कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवून त्या दिवशी जो कसत होता तो मालक मानला गेला. हे काम मोठे होते, लाखो कुळांना त्याने ताठ मानेने उभे केले, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण त्याचा दुसरा परिणाम असा की त्यानंतर कोणी जमीन दुसऱ्याला करायला दिली तर मालकाच्या पोटात गोळा येऊ लागला. “कूळ लागेल” या दोन शब्दांची भीती आजही गावात जिवंत आहे. जमीन खंडाने, वाट्याने, अर्धेलीने, बटईने, मक्त्याने दिली जातेच. जितके प्रदेश तितके शब्द, यावरूनच व्यवहार किती रुजलेला आहे ते कळते. फक्त तो कागदावर येत नाही. जुन्या बारामध्ये प्रत्यक्ष जमीन करणाऱ्याच्या नावाचा रकाना होता. तिथे मालकाखेरीज दुसरे नाव लागू नये म्हणून मालक डोळ्यांत तेल घालून बसायचे, आणि पुष्कळ तलाठी त्यांना साथ द्यायचे. म्हणजे कसणाऱ्याला जमीन द्यायला निघालेल्या कायद्यामुळे पुढच्या पिढीतला कसणारा कागदावरून पुसला गेला.

इथे गाडगिळांना सूट द्यायचे कारण नाही. त्यांनी उभ्या केलेल्या साखळीतला शेतकरी हा मुळात जमीनधारक होता. ऊस घालायला शेअर हवा आणि शेअरला जमीन हवी. ऊसतोडीला बीडहून येणारा मजूर त्यांच्या ‘सहकारी राष्ट्रकुला’च्या, म्हणजे सहकारावर उभ्या समाजाच्या, स्वप्नात नीटसा दिसत नाही. शिवाय १९५४च्या अहवालाने सहकारी संस्थांत सरकारने भागीदार व्हावे असे सुचवले, तेव्हा सरकार म्हणजे तटस्थ विश्वस्त असे त्यांनी गृहीत धरले होते. सरकारच्या भागभांडवलाबरोबर सरकारचे राजकारणही बँकेच्या संचालक मंडळात जाऊन बसले. अर्धशतकानंतर वैद्यनाथन समितीने सहकारी पतपुरवठ्याच्या दुखण्याचे मूळ तपासले तेव्हा बोट तिथेच ठेवले. इतका चाणाक्ष माणूस, हे त्याला आधी दिसले नसेल का, असे मला नेहमी वाटते. दिसले असेल, पण सावकाराचे ७० टक्के डोळ्यांपुढे असताना तो धोका लहान वाटला असेल.

त्यांच्या कामाचा शेवटचा मोठा तुकडा १९६९चा. त्या वर्षी १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गाडगीळ अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय पतपुरवठ्याची कल्पना मांडली. तिच्यातून प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक मिळाली, त्या जिल्ह्याच्या पतपुरवठ्याची जबाबदारी घेणारी. आजही जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत अग्रणी बँकेचा व्यवस्थापक आकडे वाचून दाखवतो. १९७१ साली गाडगीळ गेले. त्यांची यंत्रणा राहिली, आणि ती नमुना सातवर चालू लागली.

आता मघाची ती बाई. माझ्याकडून परत गेल्यावर तिने काय केले, हे मला पुढे कळले. ती कृषी केंद्रात गेली. दुकानदाराने तिला खत आणि औषध उधार दिले. त्याने सातबारा मागितला नाही. वावरात जाऊन कापूस पाहिला, किती बोंडे धरली याचा अंदाज बांधला, आणि माल आपल्याच जिनिंगवाल्याला घालायचा अशी अट घातली. नीट पाहिले तर १९५४च्या अहवालाला हवी असलेली व्यवस्था हीच. पिकाकडे पाहून पत, विक्रीशी जोडून वसुली. फरक एवढाच की खताच्या किमतीत व्याज मिसळलेले, कापसाच्या भावात कपात धरलेली, आणि दोन्हीचा हिशेब एकाच माणसाच्या वहीत. आपण बारा वाचला नाही म्हणून तो सावकाराने वाचला.

यावर बँकेतले माझे जुने सहकारी एकच प्रश्न विचारतात. तारण नाही, मग वसुली कशी? हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण जमीन गहाण आहे म्हणून पीककर्ज वसूल झाले, असे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? सहकार कायद्यातल्या कलम १०१चा वसुलीचा दाखला निघतो, जप्तीची नोटीस लागते, लिलाव पुकारला जातो, आणि बोली लावायला गावातला एकही माणूस पुढे येत नाही. यावे तरी का? उद्या त्याच्याही दारात लिलाव येऊ शकतो. मार्चअखेर वसुली दिसते ती बहुतेक ‘नवं-जुनं’ करून. आठवडाभरासाठी हातउसने पैसे भरायचे, आणि नवे कर्ज उचलून ते परत करायचे. शिवाय रिझर्व्ह बँकेने विनातारण शेतीकर्जाची मर्यादा जानेवारी २०२५पासून दोन लाखांवर नेली आहे. त्या रकमेपर्यंत जमीन तारण घ्यायचीच नाही असे नियम सांगतो, तरी पहिला कागद आपण सातबाराच मागतो. वसुलीला ज्याचा उपयोग होत नाही तो कागद आता कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दारातून परत पाठवायचे एवढे ठरवण्यापुरता उरला आहे.

आणि दारातून परत गेलेला माणूस पुढच्या प्रत्येक दारातून परत जातो. कर्जमाफी घ्या. २०१७ची दीड लाखांपर्यंतची, २०१९ची दोन लाखांपर्यंतची, दोन्ही बँकेच्या थकबाकीदाराला होत्या. ज्याला बँकेने कर्जच दिले नाही त्याचे काय माफ करणार? किसान सन्मानचे सहा हजार मालकाला. नोंदणीकृत भाडेकरार नसेल तर पीकविमाही मालकाला. एप्रिल २०२५पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो क्रमांकही सातबाराला जोडलेला. कागदाचा सात आता डिजिटल झाला आहे, म्हणजे त्यातून वगळणेही अधिक अचूक झाले आहे.

स्त्रियांचे तर बोलायलाच नको. १९९४ साली महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, देशाच्या अकरा वर्षे आधी. त्याच्याही आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली होती, बायकोच्या नावे जमीन करून द्या म्हणून. तरीही नवरा गेल्यावर सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावच्या सातबारावर राबणाऱ्या बायका कोणत्याही गावात मोजून पाहा.

मग सगळ्यांना सातबारावर नाव द्यावे का? द्यावे, पण ते वारसाहक्काचे, न्यायालयांचे आणि भाऊबंदकीचे काम आहे, त्याला एक पिढी लागेल. तोवर खरीप थांबत नाही. माझे म्हणणे असे की मालकीचा वाद मालकीच्या जागी राहू द्या, आणि बँकेने बारा वाचायला सुरुवात करावी. त्यासाठी मालकाची भीती आधी घालवावी लागेल. जमीन करायला दिल्याची नोंद झाली तरी त्यातून कुळाचा हक्क उभा राहणार नाही, एवढे कायद्यात स्वच्छ लिहिले पाहिजे. नीती आयोगाने २०१६ साली आदर्श भाडेपट्टा कायद्याचा मसुदा केला तो याच हेतूने. आंध्रने २०११ साली कसणाऱ्याला ओळखपत्र देण्याचा कायदा केला. भाड्याने कसणाऱ्या सगळ्यांना त्यामुळे कर्ज मिळाले असे नाही, पण कसणारा आहे एवढे तरी सरकारने मान्य केले.

डाव्या मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. भाडेपट्टा कायदेशीर झाला की बडा बागाईतदार किंवा कंपनी गरिबाचीच जमीन भाड्याने घेईल. हा आक्षेप हवेतला नाही, नगर जिल्ह्याने तो भोगला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत खासगी साखर कंपन्यांनी कालव्याखालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. पुढे कमाल जमीनधारणेचा कायदा आला, कंपन्यांकडच्या जमिनी १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या, आणि मूळ मालक ‘खंडकरी’ म्हणून आंदोलने करत राहिले. २०१२च्या सुमारास जमिनी परत मिळू लागल्या तेव्हा खंड लिहून देणाऱ्यांची नातवंडे उताऱ्यावर आली होती. या इतिहासावरून मी काढतो तो धडा असा की भाडेपट्ट्याला मुदत हवी, ती थोड्या हंगामांची हवी, आणि भाड्याने किती जमीन घेता येईल त्याला कमाल मर्यादाही हवी. व्यवहारावर बंदी घालून तो थांबत नाही, तो फक्त तोंडी होतो, आणि तोंडी व्यवहारात दुबळी बाजू हरते.

बँकेकडून मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. किसान क्रेडिट कार्डाच्या पात्रतेत तोंडी कराराने कसणारे आणि बटाईदार यांचा उल्लेख आहे. कसत असल्याबद्दल गावपातळीवरचा दाखला चालतो. चार-पाच जणांनी एकमेकांची हमी देऊन संयुक्त देयता गट करायचा मार्ग नाबार्डने विसाएक वर्षांपूर्वी घालून दिला. केरळात कुटुंबश्री या सरकारी योजनेतल्या महिला गटांच्या बायका अशाच रीतीने दुसऱ्यांची पडीक जमीन घेऊन भात आणि भाजीपाला करतात. मघाशी म्हटले ना, की नियमानेही मी बरोबर नव्हतो, ते यासाठी. त्या दिवशी मी त्या बाईंना परत पाठवले तेव्हा हे सांगणारे परिपत्रक माझ्याच कपाटात होते.

कर्जाची रक्कम ठरवण्याची रीतही आधीपासून पिकावरच आहे. दरवर्षी जिल्ह्याची तांत्रिक समिती बसते आणि कापसाला हेक्टरी किती, सोयाबीनला किती, हे ठरवते. तिथपर्यंत सगळे गाडगिळांच्या मनासारखे चालते. मग शाखेत तो दर गुणायचा असतो क्षेत्राशी, आणि क्षेत्र घेतले जाते सातावरून. बारा भरण्यासाठी २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी चालू आहे. शेतात उभे राहून, उभ्या पिकाचा फोटो काढून, अक्षांश-रेखांशासह नोंद होते. त्या नोंदीत पीक दिसते, गट नंबर दिसतो, खातेदाराचे नाव दिसते. फोटो काढणारा हात कोणाचा, ते विचारणारा रकाना मात्र त्यात नाही.